न्यू जर्सीचं लायसन्स टेक्सासला बदलताना: आधी विमा, मग गाडी, मग तुम्ही

टेक्सासात नव्याने राहायला आलेल्या माणसाला लायसन्स बदलायला ९० दिवस मिळतात आणि गाडीची इथे नोंदणी करायला ३०. बहुतेक जण हे वाचतात आणि लायसन्सचं नंतर बघू म्हणतात. पण तुमच्या मालकीची गाडी असेल तर डीपीएसच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, काउंटरवर तिच्या टेक्सासमधल्या नोंदणीचा आणि विम्याचा कागद मागतात. नोंदणी करायला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात गेलात, तर तिथे आधी टेक्सासचा विमा मागतात. म्हणजे लायसन्स हे या साखळीतलं शेवटचं काम. त्याची अपॉइंटमेंट मात्र सगळ्यात आधी घ्यावी लागते, कारण डॅलसच्या आसपास ती पटकन मिळत नाही. हा क्रम डोक्यात पक्का बसला की बाकीचं काम कष्टाचं असलं तरी अवघड नाही.

आम्ही एडिसनहून प्लेनोला आलो तेव्हा नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, एक गाडी कर्जावर घेतलेली आणि एक फेडून झालेली, असा आमचा संसार होता. त्यानंतर आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जी मराठी कुटुंबं न्यू जर्सीहून किंवा इतर राज्यांतून आली, त्यांतल्या बऱ्याच जणांचे कागद आमच्याच जेवणाच्या टेबलावर लावून झाले. त्यांच्या अडचणी पाहून हे लिहिते आहे. सरकारी यादीत काय आणायचं ते असतं, कुठल्या क्रमाने आणायचं ते नसतं.

भारतातल्या सवयीमुळे एक गैरसमज हमखास होतो. आपल्याकडे लायसन्स देशभर चालतं. पुण्याचा माणूस बंगळूरला गेला तर त्याला पत्ता तेवढा बदलून घ्यायचा असतो. अमेरिकेत लायसन्स केंद्र सरकार देतच नाही. प्रत्येक राज्य आपलं वेगळं देतं आणि एका माणसाकडे एकच असावं अशी अपेक्षा असते. म्हणून टेक्सासचं मिळताना न्यू जर्सीचं कार्ड काउंटरवर जमा करावं लागतं, जुनं आठवण म्हणून ठेवता येत नाही. पाहुणे म्हणून दुसऱ्या राज्यात गाडी चालवायला अर्थातच जुनं लायसन्स पुरतं. मुक्काम हलला की ही घड्याळं सुरू होतात.

न्यू जर्सी सोडण्यापूर्वी

लायसन्सची मुदत बघा. चालू मुदतीचं लायसन्स जमा केलं तर टेक्सासात लेखी परीक्षाही नाही आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षाही नाही, फक्त डोळे तपासतात. मुदत संपली असेल तर ही सवलत हातची जाऊ शकते. एच-१बी आणि एच-४ वाल्यांच्या लायसन्सची मुदत कायदेशीर मुक्कामाच्या मुदतीबरोबर संपते, त्यामुळे आपल्या लोकांची कार्डं नेमकी राज्य बदलण्याच्या सुमाराला संपत आलेली असतात. दोन-तीन महिनेच उरले असतील तर ट्रक बोलवण्याआधी हा विचार करा.

न भरलेलं चलन, कोर्टाची राहिलेली तारीख, ई-झेडपासची (टोलची) थकबाकी हे सगळं मिटवूनच निघा. ज्याचं लायसन्स कुठल्याही राज्यात निलंबित किंवा रद्द आहे त्याची नोंद नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरमध्ये जाते आणि नवं राज्य लायसन्स देण्याआधी ती तपासतं. विसरलेल्या चलनापायी निलंबन झालं असेल तर ते जुन्या राज्यातच उठवावं लागतं, आणि हजार-दीड हजार मैलांवरून फोन करून ते उठवणं फार जिवावर येतं. शक्य असेल तर एमव्हीसीकडून, म्हणजे न्यू जर्सीच्या वाहन खात्याकडून, आपली गाडी चालवण्याची नोंद, म्हणजे ड्रायव्हिंग अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागवून ठेवा. त्यात सगळं दिसतं, आणि प्रवासात लायसन्स हरवलंच तर तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवत होतात याचा तोच पुरावा.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेला किंवा फायनान्स कंपनीला आधीच कळवा की गाडी टेक्सासात चालली आहे. मूळ टायटल, म्हणजे मालकीचा कागद, त्यांच्याकडे असतं. काउंटी ऑफिसाला काय लागेल आणि ते कोण पाठवणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. या पत्रव्यवहाराला लागणारा वेळ तुमच्या ३० दिवसांतूनच जातो.

आल्या आल्या अपॉइंटमेंट

घराचा करार झाला की डीपीएसच्या साइटवर जाऊन अपॉइंटमेंट घ्या, सामान यायची वाट बघू नका. टेक्सासातल्या कुठल्याही डीपीएस ऑफिसात जाता येतं, आपल्याच काउंटीत जायची सक्ती नाही. प्लेनो, कॅरलटन, गारलंड इथल्या तारखा लांबच्या दिसत असतील तर थोडं उत्तरेला शर्मनसारख्या लहान गावात बघा. सकाळचा तासाभराचा प्रवास आणि कित्येक आठवड्यांची वाट यांत मी प्रवासच निवडेन. लांबची का होईना, एक तारीख पकडून ठेवा आणि मधूनमधून साइट बघत राहा. लोक रद्द करतात तेव्हा जवळच्या वेळा मोकळ्या होतात, शिवाय त्याच दिवशीच्या थोड्या वेळाही सुटतात. नवरा-बायको दोघांना लायसन्स हवं असेल तर दोन वेगळ्या अपॉइंटमेंट लागतात. एकाच वेळेत दोघांचं काम होईल असं गृहीत धरू नका.

विमा, गाडी आणि जुन्या प्लेट्स

आता तारखेची वाट बघायच्या काळात गाडीचं काम उरकायचं. विमा कंपनीला फोन करा आणि टेक्सासच्या पत्त्यावर नवी पॉलिसी सुरू करायला सांगा. कंपनी तीच राहिली तरी पॉलिसी राज्यागणिक वेगळी असते, नुसता पत्ता बदलून भागत नाही. टेक्सासात कायद्याने किमान ३०/६०/२५ लागतो. म्हणजे एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातात सगळ्या जखमींचे मिळून ६०,००० आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचे २५,०००. इतक्यावर थांबू नका असं मी प्रत्येकाला सांगते. इथल्या हायवेवर ज्या वेगाने आणि जेवढ्या मोठ्या पिकअप गाड्या धावतात, त्यांच्यापुढे २५,००० डॉलर ही रक्कम काहीच नाही.

गाडीच्या सेफ्टी तपासणीची अट टेक्सासने १ जानेवारी २०२५पासून खाजगी गाड्यांसाठी काढून टाकली. पण धुराची तपासणी मोठ्या शहरांच्या काउंट्यांमध्ये अजून आहे, आणि कॉलिन, डॅलस, डेंटन, टॅरंट या सगळ्या त्यात येतात. २ ते २४ वर्षं वयाची पेट्रोलची गाडी असेल तर आधी एखाद्या तपासणी केंद्रावर नेऊन ती चाचणी करून घ्या.

मग काउंटीच्या टॅक्स असेसर-कलेक्टरच्या ऑफिसात जायचं. न्यू जर्सीत गाडी आणि लायसन्स दोन्ही एमव्हीसीकडे असतं. टेक्सासात तसं नाही, गाडी काउंटीकडे आणि लायसन्स डीपीएसकडे. या एका फरकामुळे लोक चुकीच्या रांगेत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. सोबत १३०-यू हा भरलेला फॉर्म, टायटल किंवा न्यू जर्सीचं रजिस्ट्रेशन, विम्याचा कागद आणि ओळख हवी. ओळख म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद इथेही न्या, घरी ठेवून जाऊ नका. नव्या रहिवाशाला आधीपासून मालकीच्या असलेल्या गाडीवर ९० डॉलरचा एकरकमी कर द्यावा लागतो. त्याशिवाय वर्षाची नोंदणी फी, टायटलची फी आणि काउंटीच्या किरकोळ फिया. पैसे भरले की मागच्या-पुढच्या दोन्ही प्लेट्स आणि काचेवर लावायचा स्टिकर मिळतो. तिथे मिळालेली पावती जपून ठेवा, डीपीएसला दाखवायला तीच लागते.

आता न्यू जर्सीच्या प्लेट्स. त्या गॅरेजच्या भिंतीवर टांगायच्या नाहीत आणि कचऱ्यातही टाकायच्या नाहीत, एमव्हीसीला परत करायच्या. आणि जुना विमा बंद करण्याच्या आधी परत करायच्या, हे फार महत्त्वाचं. प्लेट्स तुमच्या नावावर असताना विमा बंद झाला, की न्यू जर्सीच्या दृष्टीने तुम्ही विम्याशिवाय गाडी बाळगणारे ठरता, आणि निलंबनाची नोटीस येऊ शकते. तीही अशा जुन्या पत्त्यावर जिथे तुम्ही राहत नाही. म्हणून टेक्सासची पॉलिसी सुरू, टेक्सासच्या प्लेट्स गाडीवर, जुन्या प्लेट्स ट्रॅकिंगसह टपालाने रवाना, त्या पोचल्याची खात्री, आणि मगच जुनी पॉलिसी बंद. मध्ये काही दिवस दोन पॉलिस्यांचे पैसे भरावे लागले तर भरा. न्यूयॉर्कहून येणाऱ्यांनाही हाच नियम आहे.

टेबलावरचे कागद

डीपीएसला चार गोष्टी पटवून द्यायच्या असतात: तुम्ही कोण, इथे कायदेशीर आहात का, सोशल सिक्युरिटी नंबर कोणता, आणि टेक्सासात राहता कुठे. रिअल आयडी कायदा २००५चा, पण विमानतळावर त्याची सक्ती ७ मे २०२५ पासून सुरू झाली. तेव्हापासून कोपऱ्यात तारा असलेलं रिअल आयडीचं कार्ड सगळ्यांनाच हवं असतं आणि कागद बारकाईने बघतात.

कायदेशीर मुक्कामासाठी पासपोर्ट, त्यातला व्हिसा, आय-७९७ (मंजुरीचा कागद) आणि आय-९४ (किती तारखेपर्यंत राहता येईल याची नोंद) न्या. आय-९४ सर्वात शेवटी मिळालेला हवा. मुदतवाढ मंजूर झाली असेल तर तो आय-७९७च्या तळाशीच छापलेला असतो. त्यानंतर भारतात जाऊन आला असाल तर सीबीपी या सीमा खात्याच्या साइटवरून नवा काढा. तुमच्या लायसन्सची मुदत याच तारखेवर ठरते, म्हणून ती नीट वाचा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देतो आणि पुष्कळांच्या ते लक्षातच येत नाही. एच-१बीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: कामाची जागा दुसऱ्या महानगराच्या परिसरात गेली तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो, तोही नव्या जागी काम सुरू होण्याआधी. त्याची मंजुरी आली की नवा आय-७९७ येतो. तो हातात असेल तर तोच न्या.

काउंटरवरचा माणूस ही माहिती सेव्ह नावाच्या केंद्रीय यंत्रणेतून पडताळतो. कधी उत्तर लगेच येतं, कधी नाही. नाही आलं तर घाबरू नका आणि काउंटरवर वादही घालू नका. केस नंबर मागून घ्या, सेव्ह केसचेक या साइटवर तो टाकून पुढे काय झालं ते बघता येतं.

इथे आपल्या नावांचा प्रश्न येतो. मराठी माणसाच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. सोशल सिक्युरिटी कार्डावर वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून गेलेलं असतं, किंवा अजिबात नसतं. न्यू जर्सीच्या लायसन्सवर तिसराच प्रकार. लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या बायकांचा गुंता आणखी मोठा. अपॉइंटमेंटच्या आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटीमध्ये फरक असेल तर आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन तो दुरुस्त करा. ही पायरी गाळून पुढे गेलात तर तीच चूक नव्या लायसन्सवर उतरेल आणि तिथून विमा, बँक, पुढे ग्रीन कार्डाच्या कागदांपर्यंत जाईल.

पत्त्यासाठी दोन कागद हवेत, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले. घराचा करार, विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, टेक्सासची गाडीची नोंदणी हे चालतात. बिलं आणि स्टेटमेंट अलीकडची हवीत, किती दिवसांच्या आतली ते डीपीएसच्या साइटवर बघून घ्या. शेजारची एक मुलगी मला म्हणाली, “ताई, करार यांच्या नावावर, लाइट यांच्या नावावर, बँकेतही मी नाही. मी या घरात राहते हे दाखवू कशानं?” एच-४वर आलेल्या किती जणींची हीच स्थिती असते. म्हणून घर घेतानाच करारावर दोघांची नावं घाला, आणि विजेचं किंवा इंटरनेटचं एक खातं बायकोच्या नावाने उघडा. हे लायसन्सपुरतं नाही, या देशात तिच्या नावाचा एक तरी कागद असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. तोवर सोय म्हणून डीएल-५ हे प्रतिज्ञापत्र आहे. त्यावर नवरा लिहून देतो की ही माझ्याबरोबर राहते, आणि नात्याचा पुरावा म्हणून विवाहाचा दाखला जोडायचा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून न्या.

कामाचं परमिट नसलेल्या एच-४ व्यक्तीला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. त्यासाठी लायसन्स अडत नाही, पण नंबर नसल्याचं निवेदन द्यावं लागतं. सोशल सिक्युरिटी ऑफिसकडून एसएसए-एल६७६ हे नकारपत्र आधीच आणून ठेवलं तर दुसऱ्या राज्यातही ते उपयोगी पडतं.

एक काम डीपीएसच्या यादीत नसतं, तरी त्याच आठवड्यात करा. पत्ता बदलल्यावर १० दिवसांच्या आत यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याला एआर-११ या फॉर्मने कळवायचं असतं. ऑनलाइन होतं, पैसे पडत नाहीत. कुटुंबातल्या नागरिक नसलेल्या प्रत्येकाचं कळवायचं, मुलांचंही, आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही यातून सूट नाही.

काउंटरवर

डीएल-१४ए हा फॉर्म घरीच भरून न्या, आणि तो भरताना एक जागा अशी आहे की तिथे श्वास घेऊन थांबा. १९९३च्या कायद्यापासून लायसन्सच्या अर्जातच मतदार नोंदणी विचारतात. तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का, आणि असाल तर मतदार म्हणून नाव नोंदवायचं आहे का, असे प्रश्न असतात. तुम्ही नागरिक नसाल तर दोन्हींचं उत्तर ‘नाही’. ग्रीन कार्ड असलं तरी ‘नाही’. घाईत, मुलाला कडेवर घेऊन, कर्मचाऱ्याच्या झरझर प्रश्नांना ‘येस, येस’ म्हणताना इथे चूक झाली, तर ती नुसती फॉर्मवरची चूक राहत नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतो, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, हे विचारतातच. सही करण्याआधी कागदावर आणि स्क्रीनवर हे दोन प्रश्न पुन्हा वाचा. चुकीची खूण दिसली तर तिथल्या तिथे बदलायला सांगा आणि दुरुस्त केलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

बाकी काउंटरवरचं काम सोपं आहे. डोळे तपासतात, चष्मा असेल तर नेलेला बरा. अंगठ्यांचे ठसे, फोटो, सही. फी ३३ डॉलर. नागरिकाला त्यात ८ वर्षांचं लायसन्स मिळतं, आपल्याला तेवढ्याच पैशात आय-९४च्या तारखेपर्यंतचं. जुनं कार्ड जमा होतं आणि हातात एक तात्पुरता कागद मिळतो. त्याच्यावर गाडी चालवता येते, पण विमानतळावर टीएसए, म्हणजे तिथलं सुरक्षा खातं, तो ओळख म्हणून मानत नाही. नवं कार्ड टपालाने दोन-तीन आठवड्यांत येतं. तोवर विमानाने जायचं असेल तर पासपोर्ट जवळ ठेवा. भाड्याची गाडी घ्यायची असेल तर तो प्रवास पुढे ढकलता येतो का बघा.

दुसऱ्या राज्यात जात असाल तर

क्रम बहुतेक ठिकाणी असाच लागतो, पण दिवस आणि ऑफिसांची नावं बदलतात. कॅलिफोर्निया सर्वात घाई करतं: रहिवासी झाल्यावर लायसन्सला १० दिवस, गाडीला २०, आणि तिथे लेखी परीक्षेची तयारी ठेवूनच जा. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, जॉर्जिया, फ्लोरिडा ३० दिवस देतात. व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना ६०. उलट कोणी न्यू जर्सीला जात असेल तर तिथेही ६०, मात्र जुनं लायसन्स त्याआधी संपत असेल तर ते संपायच्या आत. मॅसॅच्युसेट्स आणि अ‍ॅरिझोना सवलतीचे दिवस देतच नाहीत, रहिवासी झालात की बदला. ऑफिस मॅसॅच्युसेट्सात आरएमव्ही, ओहायोत बीएमव्ही, इलिनॉयमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट. सर्च करताना त्या राज्याच्या सरकारी साइटवरच जा. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या साइट्स वर दिसतात, त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर मुळीच देऊ नका. डीपीएसची अपॉइंटमेंट फुकट असते.

कार्ड आलं की लिफाफा फेकण्याआधी नावाची स्पेलिंग, जन्मतारीख, पत्त्यातला अपार्टमेंट नंबर आणि मुदतीची तारीख आय-९४शी जुळवा. टपालपेटीच्या आतल्या बाजूला तुमच्या घरातल्या प्रत्येकाचं आडनाव लिहिलेलं आहे ना, हे त्याआधीच बघा, कारण आडनाव वेगळं असलेल्या बायकांची कार्डं परत गेलेली मी पाहिली आहेत. मग नवा लायसन्स नंबर विमा कंपनीला कळवा, आणि मुदत संपायच्या चार महिने आधीची आठवण फोनमध्ये लावून टाका. पुढच्या अपॉइंटमेंटलाही वेळ लागणारच आहे.